जपानचा डावा कान

बाळाराम भोईर इंजिन ऐकायचे तेव्हा डोळे मिटून घ्यायचे. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, त्याची लाकडी मूठ उजव्या कानाशी दाबून धरायची आणि कीर्तनाला बसलेल्या म्हाताऱ्यासारखी मान हळूहळू हलवायची. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. माझ्या नोकरीचा पहिला दिवस होता. हेडमिस्त्रींना नमस्कार करून ये, असं शेठनी सांगितलं होतं. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन तीनदा नमस्कार म्हटलं. उत्तर नाही. गॅरेजातली माणसं हसू दाबून माझ्याकडे बघत होती. शेवटी ड्रायव्हर काशिनाथ ओरडला, "ओ केळकर, त्या बाजूने जपान बंद आहे. उजवीकडून या!"

मी उजवीकडून गेलो. त्यांनी डोळे उघडले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "लिवता येतं?"

"मॅट्रिक झालोय," मी जरा फुगूनच म्हणालो.

"ता नाय इचारला. लिवता येतं?"

येतं म्हटल्यावर ते पुन्हा डोळे मिटून इंजिन ऐकू लागले. त्या दिवसापासून मी त्यांचा 'मास्तर' झालो. मी त्यांना बाळारामभाऊ म्हणत असे. पाठीमागे मात्र, सगळ्यांसारखा, जपान. हेही लिहून टाकायला हवं.

गॅरेज ठाण्यात आग्रा रोडला होतं. लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीतून लष्करी ट्रक लिलावात निघाले. त्यातले तीन शेठनी उचलले, त्यांच्यावर लाकडी सांगाडे चढवले, खिडक्यांना ताडपत्रीचे पडदे लावले आणि ठाणे-भिवंडी-कल्याण अशी बससेवा सुरू केली. बसच्या कपाळावर लक्ष्मीचं चित्र होतं. पोटात मात्र लढाई अजून चालूच होती. रोज काही ना काही मोडायचं. मी नौपाड्यातला, अक्षर बरं असलेला, टायपिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झालेला. गोदाम सांभाळणं आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

जपान हे नाव त्यांना कसं पडलं ते मला काशिनाथने सांगितलं. बाळारामभाऊ बाळकूमचे. वडील मिठागरात राबून गेले. भाऊ मोटारी शिकले, लढाईत फिटर म्हणून भरती झाले आणि सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या कैदेत सापडले. सुटून परत आल्यावर नौपाड्यातल्या आमच्या उत्साही मंडळींनी परस्पर ठरवलं, की हा माणूस तिकडे स्वातंत्र्याच्या फौजेत गेलाच असणार. वाचनालयाच्या ओट्यावर खुर्ची टाकली, हार घातला, बोलायला उभं केलं. भाऊ म्हणाले, "मी फौजेत नवतो. मी गाऱ्या दुरुस्त करत होतो."

अध्यक्षांनी विचारलं, "कुणाच्या?"

"जपान्यांच्या."

हार गळ्यात पडलेला होता, तो काही काढता येईना. नारळ मात्र टेबलावर राहिला तो राहिलाच. अध्यक्षांनी समारोपात हवामानाविषयी दोन शब्द सांगितले. दुसऱ्या दिवसापासून बाळाराम भोईर हे जपान झाले.

आजच्या वाचकांना त्या नावातली बोच कळायची नाही. आज जपानी म्हटलं की माणसं आवाज खाली आणून बोलतात. मुंबईहून कोणाचं घड्याळ आलं तर ते जपानी आहे हे तो मनगट पुढे करून सांगतो. त्या काळी जपानी म्हणजे दोन दिवसांचं. पत्र्याचं खेळणं किल्ली दिली की एकदा उडी मारायचं आणि कायमचं बसायचं. आमच्या आळीत वारंवार आजारी पडणाऱ्या एका जावयाला त्याची सासूच 'जपानी' म्हणत असे. आणि हे गृहस्थ भर गॅरेजात ठासून सांगायचे, की जपानी माणूस एक दिवस सगळ्या जगाला मोटारी विकणार.

काशिनाथला तेवढंच हवं असायचं. "काय जपान, तुमच्या लोकांची छत्री घेतली काल. उघडली ती मिटेचना."

"मंग बरा हाय. पावसात मिटून करतंस काय?"

"आणि मोटार कशी असते हो त्यांची?"

"भंगार," भाऊ शांतपणे म्हणायचे. "एकच दिवा. शीट लाकराची. चढाव आला का आमी उतरून ढकलायचो."

"मग एवढं कौतुक कसलं?"

"ती बिघरली का चष्मेवाला वही काढायचा."

चष्मेवाला हा जपानी पलटणीतला मेकॅनिक. त्याचं खरं नाव भाऊंना कधी नीट उच्चारता आलं नाही. लढाईआधी तो एका मोटार कारखान्यात होता आणि त्याचा बाप त्याच घराण्याच्या मागांच्या कारखान्यात. होय, कापड विणायच्या मागांच्या. मोटारी काढणारं ते घराणं मुळात मागवाल्यांचं. मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत आणि हातवारे करून चष्मेवाल्याने भाऊंना सांगितलं होतं, की त्या घरातला म्हातारा सुताराचा मुलगा. आई मागावर बसायची, मध्येच धागा तुटायचा, तिच्या लक्षात यायचं नाही आणि वीतभर कापड वाया जायचं. म्हाताऱ्याने आयुष्यभर खटपट करून असा माग काढला, की धागा तुटला की तो आपणहून थांबायचा. त्या मागाची कीर्ती विलायतेपर्यंत गेली, आणि त्यावर म्हाताऱ्याच्या मुलाने मोटारी काढायचं ठरवलं. त्याने परदेशी मोटार आणून तिचा खिळा न् खिळा सुटा केला. पहिले ट्रक रस्त्यात जागोजागी बसले. कारखान्याची माणसं त्यांच्या मागे मागे धावायची, दुरुस्त करून द्यायची, कमरेत वाकून माफी मागायची आणि का बसला ते लिहून न्यायची.

भाऊंचा डावा कान गेला तो याच ट्रकांपायी. एक ट्रक भर रस्त्यात बंद पडला. जपानी हवालदाराने जो जवळ उभा होता त्याच्या कानाखाली वाजवली. जवळ भाऊ होते. कानातून रक्त आलं आणि त्या बाजूचा आवाज कायमचा बंद झाला. चष्मेवाला मात्र ट्रकखाली शिरला, तासाभराने बाहेर आला आणि रक्त पुसत बसलेल्या भाऊंना वहीचं पान दाखवून खुणेने विचारत राहिला: का? त्याच्या आधी का? आणि त्याच्याही आधी?

"मास्तर," भाऊ मला म्हणायचे, "हवालदारानं इचारला, कोनी? मना मारला, ट्रक तिथंच. चष्मेवाल्यानं इचारला, का? ट्रक चालू झाला. आता तूच सांग, कोनता सवाल बरा?"

मी हसून मान डोलवायचो. ज्याने कान फोडला त्याच देशाचं गुणगान हा माणूस गातो, हे मला तेव्हा थोडं वेडेपणाचं आणि थोडं लाचारीचं वाटत असे. माझे दोन्ही कान शाबूत होते, त्यामुळे मत बनवायला मला काही अडचण नव्हती.

गॅरेजात भाऊंनी दोन गोष्टी आणल्या. पहिली म्हणजे घंटा. चाकातला एक जुना ब्रेक ड्रम, लोखंडी पातेल्यासारखा, आढ्याला उलटा टांगला, त्यात लोखंडी बोल्ट लोंबकळत ठेवला आणि दोरी खाली सोडली. कोणालाही काही चुकलेलं दिसलं, की दोरी ओढायची. घंटा झाली की सगळ्यांनी हातातलं काम थांबवून तिथे जमायचं. ओढणाऱ्यावर कोणी ओरडायचं नाही. "धागा तुटला का माग थांबतो," भाऊ म्हणायचे. "आपला मानूस थांबत नाय. तो फाटका कापर विनत बसतो."

दुसरी म्हणजे वही. प्रत्येक बिघाडाला एक पान, पानाला पाच ओळी, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'का'. भाऊंना सही करण्यापुरतं लिहिता यायचं, म्हणून लिहिणारा मी. ते सांगायचे, मी लिहायचो. पाचच ओळी का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "तुझा पान तवराच हाय." एक नियम मात्र कडक होता. एकदा क्लच जळला. चौथ्या ओळीला मी उत्साहाने लिहिलं, 'कारण काशिनाथ पाय ठेवून चालवतो.' भाऊंनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"नाव लिवू नको. मानसाचा नाव आला का समज, आपुन मदीच थांबलो. काशिनाथ पाय ठेवतो, बरोबर. का ठेवतो?"

काशिनाथची सीट मोडून मागे कलली होती, म्हणून तो क्लचवर पाय देऊन स्वतःला सावरायचा, हे त्यानंतर निघालं. सीट दुरुस्त केल्यावर क्लच जळायचा थांबला.

बस कमी मोडायला लागल्या. शेठनी त्याचं श्रेय बोनेटला बांधलेल्या लिंबू-मिरचीला दिलं आणि लिंबं वाढवली. घंटेवर ते चिडायचे, "हे गॅरेज आहे की शंकराचं देऊळ?" रस्त्याने जाणारी ओळखीची माणसं घंटा झाली की बाहेरूनच हात जोडायची. संध्याकाळी नौपाड्यात पानाच्या गादीपाशी उभा राहिलो, की कोणीतरी विचारायचंच, "काय केळकर, आज जपानात आरती किती वाजता?" मी हसायचो. वर एखादा विनोद स्वतःही करायचो. घंटेच्या दोरीला मी पहिल्या वर्षात चारदा हात लावला असेल. नंतर लावेनासा झालो.

एकदा पेपरात बातमी आली, की जपानातले मोटारींचे कारखाने डबघाईला आलेत, संप चालू आहेत, माणसं कमी करताहेत. काशिनाथने ती माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. भाऊंनी उजवा कान पुढे करून सगळी ऐकली.

"बुडलं की हो जपान," काशिनाथ म्हणाला.

"थांबलाय," भाऊ म्हणाले. "धागा तुटला असंल."

गॅरेजभर हशा झाला. मीही हसलो. त्या हसण्याचा आवाज इतका मोठा होता, की तो कदाचित डाव्या कानालाही ऐकू गेला असेल.

आता त्या वैशाखातल्या दिवसाविषयी. आमच्याच आळीतल्या एका मुलाचं लग्न होतं, मुलगी कल्याणची. वऱ्हाडासाठी शेठची बस ठरली होती. सकाळी नऊला वऱ्हाड गॅरेजातच येऊन बसमध्ये चढलं. मोगऱ्याचे गजरे, नारळ, खिडकीतून बाहेर आलेला वाजंत्र्यांचा ढोल. शेठ कडक इस्त्रीचं धोतर नेसून मुहूर्ताची आठवण करून देत होते. बाळारामभाऊ शेडच्या मागच्या टोकाला दुसऱ्या बसचा गिअरबॉक्स उतरवून तिच्याखाली पडले होते. मी बसच्या खालच्या पेटीत जॅक ठेवायला वाकलो.

चेसीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, कडेने ब्रेकच्या तेलाचा पाइप जातो. तो जिथे क्लिपने बसतो, तिथली क्लिप आठवड्यापूर्वी तुटली होती. गोदामात दुसरी नव्हती, म्हणून मी काढून दिलेली लोखंडी तार तिथे बांधली होती. आता ती तार सुटून लोंबत होती. पाइप चेसीला टेकला होता आणि त्याच्याखाली जमिनीवर तळहाताएवढा ओला डाग होता. ताजा. मी बोट लावून पाहिलं.

घंटेची दोरी माझ्यापासून चार पावलांवर होती.

मी उभा राहिलो तेवढ्यात वरच्या खिडकीतून नवऱ्या मुलाचे काका म्हणाले, "अरे, हा आपला केळकर ना? मॅट्रिक होऊन जपानात चाकरी?" बसमध्ये हशा पिकला. आळीतल्या मुली होत्या, त्याही हसल्या. काकांना चेव आला. "ती घंटा वाजव की एकदा! बघू तरी कशी असते."

शेठ म्हणाले, "केळकर, झालं का? निघू दे."

गोदामात लाकडाच्या भुशाचा डबा असायचा, जमिनीवर तेल सांडलं की टाकायला. तो माझ्याच ताब्यात असे. मी डबा आणला, त्या डागावर मूठभर भुसा टाकला आणि म्हणालो, "झालं."

बस गेली.

बाळकूमच्या पुढे, खाडीवरच्या पुलाआधीच्या उतारावर काशिनाथने ब्रेक दाबला आणि पाय थेट फळीला टेकला. समोरून बैलगाड्या येत होत्या. वैशाख असल्यामुळे रस्त्याकडेच्या मिठागरांत मिठाच्या राशी उभ्या होत्या, घराएवढ्या. काशिनाथने बस एका राशीत घातली. बस पोटापर्यंत मिठात रुतून थांबली. वऱ्हाडाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. नवरदेवाच्या मुंडावळ्यांपासून वरमाईच्या शालूपर्यंत सगळं पांढरं झालं. लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. नौपाड्यात पुढे कित्येक वर्षं तो किस्सा पंगतीत सांगून माणसं पोट धरून हसायची.

काशिनाथचा उजवा गुडघा मात्र स्टिअरिंगखाली चिरडला. तो पुन्हा वाकला नाही. त्याने नंतर मोटार चालवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी मला वही घेऊन गॅरेजात आदल्या दिवशी बस उभी होती त्या जागी बोलावलं. मी लिहू लागलो. बस का थांबली नाही? ब्रेक लागला नाही. ब्रेक का लागला नाही? तेल गळून गेलं. तेल का गळलं? पाइप घासून फाटला. पाइप का घासला? क्लिपच्या जागी तार होती, ती सुटली. हे सगळं भाऊ नेहमीच्याच आवाजात सांगत होते. मग ते खाली उकिडवे बसले. भुसा तिथेच होता. त्यांनी चिमूटभर उचलला, बोटांत चोळला, वास घेतला. मग गोदामाच्या दाराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"पाचवी," ते म्हणाले. "तार सुटल्याली दिसली, तरी घंटा का नाय झाली?"

मी प्रश्न लिहिला. माझं अक्षर त्या पानावर अजिबात हललेलं नाही, हे मी नंतर पुष्कळदा पाहिलं आहे. प्रश्न लिहून मी वाट पाहिली. ते माझी वाट पाहत होते, हे मला तेव्हा कळलं नाही. दोन-तीन मिनिटं गेली असतील.

"मोकली ठेव," ते म्हणाले, आणि उठले.

एवढ्यात शेठ आले. त्यांना ओळींत रस नव्हता. "मला फक्त नाव सांगा. कोणाचं काम हे?"

भाऊंनी हात पुसले. "गारी माझ्या हाताखालची हाय, शेठ. नाव पायजे तं माझा घ्या."

"मला वाटलंच! हे जपानी धंदे माझ्या गॅरेजात नकोत."

मी तीन हातांच्या अंतरावर वही धरून उभा होतो. वाचा गेली होती असं मी म्हणणार नाही. त्याच दुपारी मी शेठना स्वच्छ आवाजात विचारलं, की आढ्याचा ड्रम भंगारात टाकू का. टाक म्हणाले. मी टाकला.

भाऊंनी जाताना स्क्रू-ड्रायव्हर आणि वही नेली. ठाण्यातल्या कुठल्याही गॅरेजात त्यांना पुन्हा काम मिळालं नाही. ब्रेक निकामी झाला की माणसं त्याला 'जपानी ब्रेक' म्हणायला लागली होती. शेवटी कल्याणला एका हातमाग-यंत्रमागाच्या शेडमध्ये ते मागांचे फिटर म्हणून लागले. त्या जपानी घराण्याने मागांकडून मोटारींकडे मजल मारली. आमच्या बाळारामभाऊंना आम्ही मोटारींकडून मागांकडे पोचवलं.

मी त्यांना दोनदा भेटायला गेलो. पहिल्यांदा गेलो तो माझ्या लग्नाची पत्रिका घेऊन. कबूल करायचं असं ठरवूनच निघालो होतो. वाटेत वाक्यं पाठही केली होती. ते ओटीवर बसले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो. चुकून बसलो असं मी पुढे बायकोला सांगितलं. ते खोटं आहे. मी डाव्या बाजूला बसलो आणि हळू आवाजात सगळं बोललो. डाग, भुसा, काका, सगळं. बोलून झाल्यावर मला फार हलकं वाटलं. भाऊ समोर बघत होते. मग माझे ओठ हललेले त्यांच्या लक्षात आले असावेत. त्यांनी आख्खं अंग वळवून उजवा कान माझ्यापुढे केला.

"ह्या कानात बोल, मास्तर. काय म्हनतंस?"

मी त्या कानात म्हणालो, "चहा फार छान झालाय."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा चार-पाच वर्षं लोटली होती. वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं, की त्या मागवाल्या घराण्याची मोटार अमेरिकेत नेली, आणि तिथल्या लांबलचक रस्त्यांवर ती तापून धापा टाकते, सगळे हसताहेत. ती बातमी हे माझं निमित्त होतं. या वेळी मी सरळ उजव्या बाजूला बसलो आणि बोलू लागलो. भाऊंनी हसून हात हलवला. शेडमध्ये अहोरात्र चालणाऱ्या मागांच्या खडखडाटाने तोही कान गेला होता.

"आता दोनी बाजू सारख्या," ते म्हणाले. त्यांनी आतून वही आणि पेन्सिल मागवली. वही तीच होती. त्यांनी तिचं मागचं कोरं पान माझ्यापुढे उघडलं. "लिव. नातू वाचतो नि खुना करून सांगतो मना."

मी लिहिलं, 'अमेरिकेत जपानी मोटार चढावर तापते.' नातवाने वाचून हातवारे केले. भाऊंचे डोळे चमकले.

"मंग? का तापते, ता लिवून घेतला का त्यांनी?"

घेतलं असेल, असं मी लिहिलं.

"मंग होईल," ते म्हणाले. थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. पेन्सिल अजून माझ्या हातात होती. "आनकी काय लिवायचा हाय?"

मी मान हलवली. नाही.

निघताना त्यांनी वही माझ्या हातात दिली. "घेऊन जा. अक्षर तुझा हाय." त्याच पावसाळ्यात ते गेले. मला महिन्याभराने कळलं.

पुष्कळ वर्षं मी समजत होतो, की ती ओळ मोकळी ठेवून बाळारामभाऊंनी मला वाचवलं. ही समजूत सोयीची होती. उपकाराखाली दबलेल्या माणसाला बोलावं लागत नाही. दरवर्षी त्यांच्या नावाने हळहळायचं आणि आपण किती हळवे आहोत म्हणून थोडं बरं वाटून घ्यायचं.

मी आता ठाण्यातल्याच एका कारखान्यात गुणवत्ता अधिकारी आहे. निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत. गेल्या महिन्यात साहेबांनी मुंबईहून एक तज्ज्ञ आणले. टाय लावलेले, तिशीचे, हुशार. विषय होता जपानचं यश. त्यांनी फळ्यावर लिहिलं, की चूक दिसली की काम थांबवा; माणूस शोधू नका, कारण शोधा; पाचदा 'का' विचारा. चहाच्या सुट्टीत आमचे साहेब म्हणाले, "बघा केळकर, हे असलं आपल्या लोकांना सुचलं असतं का कधी?" ज्यांची मोटार धापा टाकते म्हणून मी कल्याणपर्यंत सांगायला गेलो होतो, त्यांच्याच देशातल्या दुसऱ्या एका घराण्याच्या मोटारीसाठी साहेबांनी नुकतंच नाव नोंदवलं आहे.

दुपारी तज्ज्ञांनी प्रत्येकाला आपल्या अनुभवातला एक बिघाड घेऊन पाच ओळी लिहायला सांगितल्या. मी चार ओळी भराभर लिहिल्या, पाठच होत्या. पाचव्या ओळीशी आलो आणि 'माझी चूक' असं लिहायला घेतलं. तेव्हा मला पेन्सिल काढून घेणारा हात आठवला. माणसाचं नाव आलं की आपण मध्येच थांबलो. भाऊंना माझं नाव नकोच होतं. ते त्यांना भुसा चोळताच कळलं होतं. ते कारणासाठी थांबले होते. त्या सकाळी दोन-तीन मिनिटं, आणि पुढे कोरं पान उघडून पुन्हा एकदा.

मी कारण लिहिलं. तज्ज्ञ बाकांमधून फिरत आले, माझा कागद वाचला आणि अदबीने म्हणाले, "सर, चार ओळी उत्तम. पाचवी मात्र चालणार नाही. हे तांत्रिक कारण होत नाही."

घरी येऊन मी जुनी वही काढली. कागद पिवळा पडला आहे. तार सुटलेली दिसली, तरी घंटा का झाली नाही? या प्रश्नापुढे, त्याच अक्षरात, मी लिहिलं: 'कारण घंटा वाजवली असती तर बसमधली माणसं मला जपान म्हणून हसली असती, आणि मला त्याची लाज वाटली.'

पान भरलं. पेन्सिल ठेवून मी जुन्या सवयीने थोडा थांबलो. कारण हे वाक्य वाचून दाखवलं असतं, तर बाळारामभाऊंनी उजवा कान पुढे करून, अजिबात न रागावता, पुन्हा विचारलंच असतं: "का?"